बुधवारी चांगल्या निघणाऱ्या चिप

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या लेखीच).

आमच्या कारखान्याची दुसरी इमारत पूर्ण झाली, ही ताजी बातमी. तिला दुजोरा दिला तो वॉचमनने. कंपनीचं पत्रक अजून यायचं आहे, पण वॉचमनला तिथे खुर्ची मिळाली, तेव्हा शंकेला जागा नाही. तुझे गुडघे कसे आहेत? व्यायाम रोज करतेस असं तू लिहितेस आणि करत नाहीस असं ताई लिहिते. माझा दोघींवरही विश्वास आहे. माझी तब्येत थकवा सोडला तर बरी आहे, आणि थकवा सोडला तर फारसं काही उरतही नाही. तीन महिन्यांपूर्वी तू पाठवलेला मोरपंखी स्वेटर उत्तम बसतो. त्याविषयी पुढे लिहितो.

नवी इमारत जुनीच्या तिप्पट आहे. यंत्रं आली आहेत, पण खोक्यांतच आहेत. ती उघडायची की नाही हे येत्या सोमवारी, मोबाइल बनवणारी बडी मंडळी पाहणीला येतील तेव्हा ठरेल. रस्त्यापलीकडे आमची प्रतिस्पर्धी कंपनी आहे (इतकी जवळ, की त्यांचा भोंगा वाजला की आमची माणसं डबे उघडतात). त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी चिप चालतात. आमच्या पूर्वी नव्वद चालायच्या, तीन महिन्यांपासून बावन्न. ऑर्डर आम्हाला मिळाली तर खोकी उघडतील, नाहीतर आहेत तशी रस्ता ओलांडतील आणि आमच्यातले निम्मे घरी बसतील.

चिप बिघडते ती धुळीने. डोळ्याला न दिसणारा एक कण पडला की संपलं, म्हणून आम्ही आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून वावरतो. ही धूळ येते कुठून हे शोधायला समिती नेमली आणि सर्वांत जुना शिफ्ट इन्चार्ज म्हणून अध्यक्ष मला केलं. मी आधी पावडर बंद केली, मग अत्तर, मग पेन्सिली. शेवटी संशय आमच्या एका इंजिनीअरच्या मिशीवर आला. मिशी अशी भरघोस, की कारखान्यात त्यांना सगळे मिशीवाले म्हणूनच ओळखतात. त्यांनी बावीस वर्षांची ती मिशी कामासाठी उतरवली (घरी बायकोने दार अर्धंच उघडून कोण पाहिजे म्हणून विचारलं). आकडा बावन्नवरून हलला नाही. पण अहवालाची तारीख आली होती आणि दुसरं कारण हाताशी नव्हतं, म्हणून मी मिशीच लिहिली, आणि मिशीवाल्यांचं नाव नव्या इमारतीत घ्यायच्या माणसांच्या यादीतून गेलं.

एक गोष्ट मात्र समजत नव्हती. बुधवारी नव्वद चिप चालत. दर बुधवारी. मी बुधवारचं पाणी तपासलं, बुधवारची वीज तपासली, बुधवारी कोण काय खातं याची यादी केली. माझी सुट्टी बुधवारची, त्यामुळे हे सगळं गुरुवारी कागदावर बघावं लागे. शेवटी एकदा सुट्टी मोडून मी स्वतः दिवसभर आत उभा राहिलो, आणि नेमका त्याच बुधवारी आकडा बावन्नवर आला. अहवालात मी लिहिलं, की बुधवारचा परिणाम आता ओसरला आहे.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. काचेखाली एक तंतू होता. मोरपंखी. मी मान वर केली तर बाई माझ्या कॉलरकडे बघत होत्या.

“छान विणलाय, साहेब. घरच्या कुणी?”

मावशीने, असं मी म्हणालो आणि खुर्ची शोधली.

आत लोकर घालून येऊ नये, हा नियम आमच्या भिंतीवर लावलेला आहे. खाली सही माझी. पण वरून दिवसभर गार वारा अंगावर येतो, आणि स्वेटर अंगावेगळा करायचा नाही असं तू बजावलं होतंस. दोन आज्ञांपैकी वडीलधाऱ्या माणसाची मी झग्याखाली पाळली.

काल मिशीवाल्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ वरच्या ओठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “निदान बुधवारी तरी तुम्ही यायला नको होतं.”

स्वेटर घरी ठेवल्यापासून रोज नव्वद. तुझं उत्तर आलं की खरा अहवाल देणार. मिशीवाल्यांचं नाव यादीत परत येईल, माझं बहुधा जाईल. सोमवारी पाहुणे येतील.

तुझा काकडलेला भाचा

ता. क. : बाई म्हणतात, अहवालाला पुरावा जोडावा लागेल. त्या स्वेटरच्या उरलेल्या गुंड्यातला वीतभर धागा पाकिटातून लगेच पाठव.

ता. क. २ : गुंडा बराच उरला असेल तर धागा राहू दे, सबंध स्वेटरच विण. पलीकडच्या कंपनीचा शिफ्ट इन्चार्ज माझा जुना मित्र आहे आणि त्यालाही आत फार थंडी वाजते. छाती अडतीस. सोमवारच्या आत हवा. पोचवायला मिशीवाले स्वतः जाणार आहेत. आता त्यांना तिकडे कोणी ओळखणार नाही.