तेजूचं रडणं

प्रिय हर्षाताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. सध्या इगतपुरीत आहे. हायवेवरच्या एका हॉटेलात गाड्यांना हात करून आत बोलवायचं काम धरलंय. मालक झुंबरशेठ. त्याची भजी चांगली, तोंड घाण. इथलं धुकं बघायला ये एकदा, माणूस समोरून येतो तर आधी त्याची छत्री दिसते. असो, विषय धुक्याचा नाही.

काल हॉटेलातल्या टीव्हीवर आपली ती जुनी मालिका लागली. मी, सात वर्षांचा, रडका बंटी. एक गिऱ्हाईक भजं चावत म्हणालं, "पोरगं काय रडतंय राव, एकदम ओरिजनल!" मी त्याच्यापुढे चटणी ठेवत होतो. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

ओरिजनलच होतं ना. तुला आठवतं, गंगापूर रोडचा तो शूटिंगचा बंगला? मेकअपवाल्याच्या बोटांना तंबाखूचा वास, तीच बोटं माझ्या ओठांवर. सीन संपला नाही म्हणून तो वरणाचे डाग पडलेला शर्ट धुवायचाच नाही. आंबूस वास यायचा, तरी रोज तोच घालायचा. आणि तो असिस्टंट! बाळा, सोन्या करत जवळ आला आणि म्हणाला, तुझी आई तुला टाकून गेली. आई मेकअपच्या गाडीत लपली होती, तिला सगळं ठाऊक होतं. शॉट ओके झाल्यावर बाहेर आली ती टाळ्या वाजवत. सगळेच वाजवत होते. तू एकटी त्या असिस्टंटच्या हाताला कडकडून चावलीस. बारा वर्षांची होतीस. आई तुलाच ओरडली.

मालिका संपली, पण लोकांचं संपलं नाही. आपल्या एकलहऱ्याच्या कॉलनीत जो भेटेल तो, "बंट्या, रडून दाखव." शाळेत गॅदरिंगला बाईसुद्धा तेच म्हणायच्या. मी दाखवायचो. शिसारी यायची, लोकांची आणि डोळ्यांतल्या त्या पाण्याचीही. शाळेत मन लागलं नाही, त्यात याचा वाटा किती नि माझा किती, देव जाणे. पण बाबा गेले तेव्हा मी खरा रडलो, तर शेजारच्या काकू कुजबुजल्या, "अजून जमतं हं याला." त्यानंतर मी घरी टिकलोच नाही. तू म्हणतेस, भटक्या झालास. झालो.

आता खरं सांगतो. परवा तू आंघोळीला गेलीस तेव्हा तेजूनं मला व्हिडिओ कॉल केला होता. म्हणाली, "मामा, शनिवारी माझी ऑडिशन आहे. रडून दाखवू?" डोळे मिटले, उघडले, तर भरलेले. सहा वर्षांची पोर गं! मी विचारलं, कसं केलंस? म्हणाली, "मम्मीनं शिकवलं. मामा आता कधीच येणार नाही, असं मनात आणायचं." आणि लगेच हसली. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकलो. भज्यांवर ढकलू नकोस. ताई, तू? चावणारी तू? शुक्रवारी संध्याकाळी नाशिकरोडला उतरतोय, पिशवी घेऊन, राहायलाच. तेजूच्या शेजारी बसून जेवणार, तिथंच झोपणार, शनिवारीही तिच्यासोबत येणार. मग रडव तिला.

ज्याच्यासाठी तू चावली होतीस तो, तुझाच
रवी