अर्धा इंच

रविवार, ९ तारीख, दुपार

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. इकडे आम्ही धडधाकट आहोत. तूही बरी असशील, निदान वेळेवर जेवत असशील, असं धरून चालतो.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. कामाच्या रगाड्यात उत्तर राहिलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. काम नेहमीइतकंच आहे. दुकानाचं गळकं छप्पर एकदाचं बदललं. हिच्या दाढेचं काम झालं, आता दोन्ही बाजूंनी चावते आणि दोन्ही बाजूंनी बोलते. परवा एक आडदांड गिऱ्हाईक आलं. म्हणे, मोटारसायकलची मागची सीट अशी करा की बायकोनं पुन्हा तक्रार करता कामा नये. मी म्हटलं, साहेब, मी फोम भरतो, चमत्कार करत नाही. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तू घटस्फोटाच्या कागदांचं लिहिलंस. वीस तारखेला मी वकिलाकडे यावं, आणि भाऊजी गाडी नेहमीच बेफाम चालवायचे, आई त्यामुळेच गेली, असं लिहून खाली सही करावी. मग तू कायमची मोकळी. वाचलं ताई, चार वेळा वाचलं. त्याच्याकडेच येतोय, पण जरा दमानं येऊ दे. फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा तुझ्या तिकडच्या हवेची चौकशी करून गप्प बसलो. आणि भाऊजींचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस.

आईपासून सुरू करतो.

दर गुरुवारी भाऊजी तिला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचे, हे तुला माहीत आहेच. गुडघा सुधारत होता, पण गाडीवर बसून बसून माकडहाड दुखायला लागलं. घरी आली की खुर्चीत बसायची नाही, उभ्यानंच चहा प्यायची आणि मला ऐकवायची, ‘दुनियेला गाद्या करून देतोस आणि आईला फळीवर बसवतोस. वा रे कारागीर!’ मला लागलं गं ते. दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या कामाला हात लावला नाही. जुनी सीट काढून ठेवली, दुसऱ्या सांगाड्यावर तसाच घट्ट फोम घेऊन त्यावर दोन इंच मऊ फोम चढवला, कडा गोल कापल्या, चांगल्यातलं रेक्झिन घातलं, शिवण बाजूला घेतली म्हणजे टोचायला नको. दुकानात टेबलावर सीट ठेवून आईला हाताला धरून वर बसवलं. तिनं दोनदा उड्या मारून बघितल्या, या वयात! म्हणाली, ‘अरे, पलंगच केलास की!’ मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो.

टेबलावर बसवलं, हे लक्षात ठेव. गाडीवर बसवून मी एकदाही बघितलं नाही. पाठ कशी बसते, मांडी कशी बसते, सगळं बघितलं. पाय बघितले नाहीत. टेबलावर पाय हवेतच असतात.

आता ऐक. दुसऱ्या गुरुवारनंतर भाऊजी दुकानात आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘आईंचे पाय फूटरेस्टला टेकत नाहीत रे. अर्धा इंच तरी खाली घे. त्या तुला सांगणार नाहीत, तू इतक्या हौसेनं केलंस म्हणून.’ मी म्हटलं, नवा फोम आहे, महिन्याभरात बसेल. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, झोपेतही सांगेन. आणि ते खरंही असतं. ऐंशी किलोचा माणूस रोज बसला की फोम दबतो. आई एक्केचाळीस किलोची होती आणि आठवड्यातून एकदा बसायची. तिच्या वजनानं तो फोम वर्षभरातही दबला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं, ताई. वीस वर्षं हेच काम करतोय.

पुढच्या बुधवारी ते परत आले. या वेळी गाडी घेऊनच आले, म्हणाले, ‘थांबतो मी, आत्ता करून दे.’ दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गणिताचा मास्तर मला फोम शिकवणार! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, ‘भाऊजी, तुम्ही फळा आणि खडू सांभाळा, फोमचं आमच्यावर सोडा.’ सगळे हसले. त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. तरी म्हणाले, ‘उद्या गुरुवार आहे.’ मी म्हटलं, उद्या जाऊन या, शुक्रवारी बघू.

शुक्रवारी आई शुद्धीवर नव्हती.

चहा घेऊन आलो. हिनं विचारलं, कुणाला एवढं लांबलचक लिहिताय? मी म्हटलं ताईला. तिनं हळूच दार लावून घेतलं.

त्या दिवशी गाडी जोरात नव्हती. पंपाच्या वळणावर ज्याचं फुलांचं दुकान आहे, त्यानं समोरून बघितलंय. मी त्याला नंतर जाऊन विचारलं. तो म्हणाला, मास्तर सायकलसारखे चालले होते, स्पीडब्रेकरला तर जवळजवळ थांबलेच. मागचं चाक वर चढलं, फोमनं आईला उचललं, आणि पाय रोवायला खाली काही नव्हतं, ती मागच्या मागे पडली. एवढंच झालं. वेगानं झालं नाही, मऊ सीटनं झालं.

नऊ दिवस दवाखान्यात काढून आई गेली. तिथल्या लांब व्हरांड्यात तू भाऊजींना सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘तुम्ही माझ्या आईला मारलंत.’ तुझा आवाज फाटला होता. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदा. मी झाकण काढलं आणि पाणी प्यायलो. तहान नव्हती मला. तोंडात काहीतरी असावं म्हणजे बोलावं लागणार नाही, म्हणून प्यायलो.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही सगळे आत असताना, मी खाली जाऊन गाडीची सीट काढली आणि जुनी बसवली. तू बघितलंस आणि विचारलंस, का बदललीस? मी म्हणालो, आई बरी होईपर्यंत त्या सीटवर दुसरं कुणी बसायला नको. तू मला जवळ घेऊन रडलीस, पाठीवरून हात फिरवलास. ताई, तो हात मला अजून पाठीवर जाणवतो आणि झोप उडते. मी पुरावा लपवत होतो. भाऊजींनीही जुनी सीट बघितली. त्यांना कळून चुकलं, आणि ते गप्प राहिले. पोलिसांनी विचारलं तेव्हाही म्हणाले, माझं लक्ष चुकलं असेल.

सात महिने झाले. ती सीट दुकानाच्या माळ्यावर होती. तुझं पत्र आलं त्या दिवशी खाली काढली. रेक्झिन उसवलं, सुरीनं अर्धा इंच फोम काढला, परत ताणून पिना मारल्या. घड्याळ लावून केलं. सतरा मिनिटं लागली.

काल दुपारी भाऊजींकडे गेलो. त्यांना सांगितलं की मी ताईला सगळं लिहिणार आहे. वह्या तपासत बसले होते. घर चकाचक आहे गं, तुझ्या चपलासुद्धा दाराशी आहेत तशाच आहेत. लाल पेनचं टोपण लावून म्हणाले, ‘लिहू नकोस.’ मी म्हटलं, का? तर म्हणाले, ‘तिची आई गेली. आता भाऊ नको जायला. माझ्यावर राग धरून ती जगतेय, तुझ्यावर धरून जगू शकणार नाही. आणि मी तरी कुठे सुटलो? पाय टेकत नाहीत हे माहीत असून गुरुवारी मी त्यांना बसवलंच ना गाडीवर.’

मी त्यांच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. त्यांनी मला पाणी दिलं. ते मला पिववलं नाही.

त्यांचं ऐकून हे पत्र न लिहिणं सोपं होतं. सात महिने मी सोपंच करत आलो. तू वेगळी राहा, परत ये, नको येऊस, ते तुझं तू बघ, तो माझा अधिकार नाही. पण माझ्या पापावर तुझा संसार मोडणार असेल तर मी वीस तारखेला सही करणार नाही. वकिलाला हे पत्र दाखव. पोलिसांना दाखवायचं असेल तर त्यांनाही दाखव, मी नाही म्हणणार नाही.

आईला मी फार जीव लावून ती सीट केली होती. हे सांगून माझा दोष काही कमी होत नाही, तरी सांगतो, कारण दुसरं कुणी हे समजून घेणार नाही. आणि आता तूही घेशील की नाही, माहीत नाही.

भाऊजी साडेपाचला शाळेतून घरी येतात. आधी त्यांना फोन कर. माझ्यावर ओरडायला आयुष्य पडलंय.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
धाकटा