केशऱ्याचं अंथरून

४ जानेवारी, रविवार
सकाळच्या बसनं पल्लवी एटापल्लीले गेली. नात माही, नर्स लागली तिथी. तिच्या क्वार्टरात लाइट टिकत नाई, अन् केशऱ्याले गरम पट्टी लागते. म्हनून केशऱ्या चंद्रपुरात, माह्यापाशी. केशऱ्या म्हंजे तिचा साप. माह्या खाटेच्या बाजूले काचेच्या पेटीत राह्यते. बोटाएवढा जाड, केशरी, वर लाल ठिपके. बाहेरदेशचा, बिनविषाचा, सरकारात नोंद असलेला. एवढी कागदं तं माह्या नावाची बी नाई!
वही तिनंच देल्ली. "आजी, रोज लिही. खाल्लं का, हगला का, कात टाकली का." बाकीचं मी माह्यासाठी लिहून राह्यली.
२५ ले येनार. केशऱ्या चांगला दिसला तं इथीच ठेवीन, नाई तं नागपूरच्या मैत्रिनीले देऊन टाकीन म्हने. देऊन टाकते! पाह्यतेच मी.

५ जाने., सोमवार
पेटीत पेपर अंथरला आहे. केशऱ्या दिवसभर त्याच्याखाली घुसाले पाह्यते, पेपर चोळामोळा. ज्याले मातीत घुसाची सवय त्याले आपन बातम्या वाचाले देऊन राह्यलो. पल्लवी जाताजाता म्हने, "काही बरं अंथरून पाहून ठेव, पन मले इचारल्याबिगर टाकू नको."
पाहाले काय हरकत! आज डोक्यात तेच. सून हासून राह्यली, "आई, माह्या बाळंतपनात एवढी धावपळ नाई केली तुमी." केली होती. तिले आठवत नाई.

७ जाने., बुधवार
रेती पाह्यली. नको, घासासंगं पोटात जाईन. तनस, म्हंजे धानाची वाळली काडी, टोचते. धानाचा कोंडा फुंकर मारली की उडते. बुरडाकून बांबूची छील, तासून निघालेली सालपटं, आनली, लई गोरी, लई सुंदर, अन् माह्याच बोटातून रक्त काढलं तिनं. फेकली.
शेजारची रत्नाबाई पाय मुरगळला म्हनून बर्फ न्याले आली. फ्रिजात चुकीचा डब्बा उघडला. केशऱ्याचे गोठवलेले उंदीर, रांगेनं झोपलेले. मुरगळलेल्या पायानं बाई फाटकापर्यंत पयाली! "म्हातारे, तुह्या घरचा चहा बी नाई पेनार मी आता!"
सायंकाळी पेऊन गेली. दोन कप.

८ जाने., गुरुवार
सापडलं!! सागाचा भुसा. आधी काऊन नाई सुचलं? हे बल्लारशाकडे आरा मशीनवर होते, तीस वर्ष. सागाले वाळवी लागत नाई, किडा लागत नाई. ऑटो करून गेली, बोरीभर आनला. बोरी उघडली अन् साऱ्या खोलीत यांचाच वास. घडीभर तशीच बसली.
पल्लवीले फोन लावला. दोनदा. लागला नाई. तिसऱ्यांदा लावला नाई मी, खरं ते लिहिते.
चार बोटं थर टाकला. केशऱ्या असा घुसला असा घुसला, नुसते डोळे बाहेर!

१० जाने., शनिवार
बोगदेच बोगदे. इथून घुसते, तिथून निघते. मी खुर्ची टाकून. रत्नाबाई बी आली पाहाले, लांबूनच. "हा तं तुह्यापेक्षा जास्त काम करते." पोट दुखेपर्यंत हासलो दोघी. टीव्ही चार दिवसापासून बंद आहे, कोनाच्या ध्यानात बी नाई.

१२ जाने., सोमवार
उंदीर देल्ला, घेतला नाई. तोंड उघडंच ठेवते. मधीच फुस्स फुस्स करते, नाक काचेले घासते. सून म्हने थंडी असन. गरम पट्टीवर हात ठेवून पाह्यला, गरम आहे.
मंग काय?

१३ जाने., मंगळवार
चहा पेता पेता समजलं अन् कप हातातच राह्यला.
हे घरी येत तं शिंकत येत. डोळे लाल, कोपरापर्यंत खाज. अंगनात आंघोळ केल्याबिगर मी त्याईले पोराले हात लावू देत नव्हती. मीच! अन् त्याच भुशात या लेकराले, केशऱ्याले, झोपवलं. त्या वासापायी.
सारा भुसा काढला. ओल्या फडक्यानं पेटी पुसली, चारदा. केशऱ्याले बी पुसलं, हळूहळू. पेपर अंथरला परत. जनावराच्या डॉक्टरकडे नेलं, उशीच्या खोळीत घालून. त्यानं तोंड उघडून पाह्यलं. "आतमध्ये सूज नाही. धूळ गेली असेल. लक्ष ठेवा." बसले होते ते सारे कुत्रे-बकऱ्यावाले बाजूले सरकले, आमाले बाकडं मोकळं.

१४ जाने., बुधवार
तिळगूळ. पल्लवीचा फोन आला. "केशऱ्या कसा आहे?" बरा आहे म्हनलं.
जेवन गेलं नाई.

१५ जाने., गुरुवार
सकाळीच लावला. सातव्यांदा लागला. सारं सांगतलं. भुसा, दोनदा लावलेला फोन, न लावलेला बी.  
पल्लवी म्हने, "फेस येते का तोंडातून?"
"नाई."
"फुस्स करते का अजून?"
"काल रात्रीपासून नाई."
"मी म्हनलं होतं ना आजी, इचार म्हनून."
"म्हनलं होतं."
"नर्सरीत नारळाच्या बुच्याची, काथ्याची, वीट मिळते. ते आन. २५ ले पाहू."
पाहू म्हने. ठेवू नाई म्हनली.

१७ जाने., शनिवार
काय जादू आहे ते! सुकी वीट, साबनाच्या दोन वड्यांएवढी. घमेल्यात ठेवली, कोमट पानी टाकलं. फुगली, फुगली, घमेलं भरलं, बाहेर सांडली! सुनेले बोलावलं, रत्नाबाईले बोलावलं. रत्नाबाई म्हने, "मले एक आन, कुंडीले टाकते."
पल्लवीनं सांगतलं, मुठीत दाबाची. गोळा झाला पाहिजे, पानी टपकाले नाई पाहिजे. हे काय सांगाचं झालं मले? भाकरीचं पीठ साठ वर्ष मळून राह्यली. दुपारभर ताटात पसरून सुकवली, हातानं निवडली, पेटीत घातली. पावसानंतरच्या जंगलासारखा वास.
केशऱ्या घुसला. पन डोळे पांढरे झाले त्याचे, दुधासारखे! घाबरून फोन लावला. पल्लवी म्हने कात टाकाची वेळ आली, म्हनून उंदीर बी नाई घेनार. "एका तुकड्यात निघाली तं समज अंथरून बरोबर आहे. तुकडे तुकडे झाले तं काहीतरी चुकलं." म्हंजे परीक्षाच!

२१ जाने., बुधवार
डोळे साफ, कात अजून नाई. फुस्स नाई. मूठ दाबून पाह्यली सकाळी, दुपारी. दुपारी कोरडी लागली, शिंतडा मारला. जास्त तं नाई झाला? वरचं थोडं काढून पसरवलं, परत घातलं. सून म्हने, "आई, त्याले झोपू तरी द्या."

२३ जाने., शुक्रवार
काई नाई. बसून आहे. मी बी.

२४ जाने., शनिवार
दुपार. लाकडाच्या तुकड्याले नाक घासता घासता ओठापाशी कात फाटली! डोळ्यावरून निघाली, दोन्ही डोळ्याची टोपनं संगं आली, पाह्यली मी चष्मा लावून. आतून असा केशरी, नवाकोरा, अगाई!
पल्लवी उद्या सकाळच्या बसनं. सांगतलं नाई तिले, सुरू झालं म्हनून. पुरी निघाली की सांगीन, नाई तं मंग तेच सांगीन.
सुनेनं दोनदा आवाज देल्ला जेवाले. आता कुठी उठू. मानेपर्यंत आली, सलग आहे अजून. आता पोटापाशी येऊन थांबला. हलत नाई. हल ना रे