माळ्यावरची मासिकं

भालकी,
ता. १२ ऑगस्ट २०२४

प्रिय दानेश्वरीस,

शरणु शरणार्थ. इकडे सगळं ठीक. पाऊस बेताचा आहे, तूर बरी दिसायलीय. अव्वा सत्त्याऐंशीच्या झाल्या. ऐकू कमी येतं, पण जेवण नीट आहे. सून म्हणून जे करायचं ते मी करते.

तुझे अण्णा, माझे मालक, जाऊन तीन महिने झाले. लोक विचारतात, रडलीस का. न्हाई रडले. टीव्ही लावून बसते आणि काय चालू होतं ते सांगता येत नाही.

दिवसकार्याला आली होतीस तेव्हा निघताना तू विचारलंस, "वैनी, ती पेटी काय केलीस?" मी म्हटलं, "कधीच रद्दीत घातली." तू "बरं" म्हणालीस आणि औरादची बस धरलीस.

ते खोटं होतं. पेटी माळ्यावरच होती. परवा उतरवली. चव्वेचाळीस अंक भरले. पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेत.

अण्णा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रिळं आणायला हैदराबादला गेले की फूटपाथवरून हे जुने इंग्रजी अंक आणायचे. वर ठळक छापलेलं, फक्त प्रौढांसाठी. आत परदेशातल्या तसल्या सिनेमांची चित्रं, नट्यांच्या मुलाखती, सिनेमे कसे बनवतात त्याची माहिती. अण्णांना चित्रं पुरायची. मजकूर तुझ्यामुळे कळला. तू बी.ए. करून उदगीरहून परतलेली, बावीसची. मी पंचवीसची. दुपारी अव्वांचा डोळा लागला की तू वाचून मराठीत सांगायचीस. आधी मी चित्रांवर हात ठेवून ऐकायची. मग हात काढला.

एक नटी म्हणाली होती, चित्रीकरणात थंडीनं तिचे दात वाजत होते आणि पलंगाखाली पाय शेकायला शेगडी ठेवली होती. आपण तोंडात पदर कोंबून हसलो. मग तू म्हणालीस, "हिला निदान कुणी विचारलं तरी, तुला कसं वाटलं म्हणून. आपल्याला कोण विचारायलंय?"

त्यानंतर मला काय हवं, काय नको, ते मी अण्णांना सांगायला लागले. हे तुला कधी बोलले नव्हते.

परवा सगळे अंक चाळले. तेव्हा छाती धडधडायची. आता काहीच झालं नाही. पानं उलटत गेले, इतकंच.

दानू, त्या सकाळी अव्वांनी अचानक हाक मारली आणि माझ्या हातात अंक होता. समोर तुझी वळकटी होती, तिच्यात खुपसला. दुपारी काढीन म्हटलं. त्याआधीच अव्वांनी अंथरुणं उन्हात टाकली आणि अंक बाहेर पडला.

तुझ्या वडलांनी, अप्पांनी, विचारलं, "कुणाचं हाय हे?" तू माझ्याकडं बघितलंस. मी पीठ मळत होते, मळतच राहिले. अण्णाही खाली मान घालून उभे. तू म्हणालीस, "माझं हाय."

गुलबर्ग्याच्या बी.एड.चा तुझा फॉर्म अप्पांनी फाडला. पंधरा दिवसांत तुला औरादच्या बिजवराला दिली. पाठवणीला मी तुझी ओटी भरली, तेव्हाही बोलले नाही. छत्तीस वर्षं अव्वांनी तुझं नाव घेतलं नाही. मी रोज त्यांना जेवण वाढलं.

काल त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं सांगितलं, "अव्वा, ते पुस्तक माझं होतं. दानूच्या अंथरुणात मी ठेवलं."

त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. तुझ्याच खोलीत पेटी बघितलती मी."

"मग बोलल्या कामून न्हाई?"

"सून काढून दिली तर पोराचा संसार मोडतो. लेक काय, जायचीच असती."

एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. त्यांच्यावर राग यायला हवा होता, स्वतःचीही लाज वाटायला हवी होती. नुसता तांब्या घेऊन उभी राहिले.

मग सुनीलकुमारला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला आई, आत्यांचं वय झालं." मी म्हटलं, "तुझ्या आत्याचं नाव या घरात खाली पडलं ते माझ्यामुळं. एवढं तुला माहीत असू दे." तो उठून बाहेर गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तू तेव्हाच पुरेसं म्हणून गेलीस.

तुला ज्या घरातून काढलं, त्या घरात राहिलेली,
सुधारानी