रांगेतला तिसरा

ताई, तुला आणि आईला दुरूनच वाकून नमस्कार.

आम्ही दोघे भाऊ ठणठणीत आहोत. मी चित्रं काढतो म्हणून मला खंदकात उतरावं लागत नाही. साहेबांनी जेवणाच्या रांगेचं मोठं चित्र काढायला बसवलंय. त्यात धाकटा तिसरा आहे, ताट वाजवत उभा. आईचे गुडघे कसे आहेत?

आईला इथपर्यंतच वाचून दाखव.

ताई, साहेबांचा हुकूम आहे की चित्रातली रांग भरलेलीच दिसली पाहिजे. कुणी मेला की मी त्याचा चेहरा खरवडतो आणि त्याच्या जागी आलेल्याचा रंगवतो. आचारी दोनदा बदलला. येणारा प्रत्येक जण सांगतो, "माझं नाक जरा सरळ काढा हं."

परवा मी धाकट्याचा चेहरा खरवडला. साहेब पाठीशी उभे राहून म्हणाले, "आटपा, रंग वाळतोय."

कान मात्र त्याचाच ठेवलाय, तू पिळायचीस तो. इथे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आई त्याच्यासाठी स्वेटर विणतेय ना? तिला थांबवू नकोस. झाला की पाठव. नव्या शिपायाला बरोबर बसेल.

तुझा,
मधला