हरणाचे शिंग आणि माझी माया

मी खाली सही करणार, धंदा मूर्ती घडवणे, वय एकाहत्तर पूर्ण, हे मृत्युपत्र दुकानाच्या पुढच्या खोलीत, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगी चार वर्षे "बाबा, एकदाचं लिहून टाका" म्हणून मागे लागली आहे, त्याला दडपण म्हणायचे असेल तर तेवढे आहे. खाली लिहिलेले सर्व माझ्या कष्टाचे व मालकीचे असून माझ्या पश्चात ते पुढीलप्रमाणे जावे.

कलम एक. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. मागच्या खिडकीचे एक दार उघडत नाही, कारण बाहेरच्या बाजूला पारव्यांनी घरटे केले आहे. घरटे रिकामे झाल्यावरच दार दुरुस्त करावे, अशी अट घालतो. गेली सहा वर्षे ते रिकामे झालेले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

कलम दोन. सर्व टाक्या, हातोड्या, कानशी आणि घासायचे दगड मुलीलाच द्यावेत. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. बापाने कौतुक केले की पोरे शेफारतात, असे माझे वडील म्हणत, आणि मीही त्यांचाच मुलगा. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या यंत्राच्या झिजलेल्या सुया मला देत आल्या. मूर्तींची नखे आणि पापण्या मी त्या सुयांनीच कोरल्या आहेत. त्या सुयाही मुलीने वापराव्यात आणि बाईंना दोन शब्द गोड बोलावेत, कारण मी नुसतीच मान हलवली.

वडिलांपासून चालत आलेली एक रीत मोडू नये. पडून राहिलेला दगड उचलण्याआधी बाजूने तीनदा ठोकावा आणि थांबावे. खाली कोण राहायला आले असेल, त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. गिऱ्हाईक घाईत असले तरी थांबावे. ज्या तीर्थंकरांनी मुंगीलाही आपल्यासारखाच जीव आहे म्हणून सांगितले, त्यांची मूर्ती मुंगी चिरडून घडवायची, तर ती न घडवलेली बरी.

कलम तीन. मंदिर मंडळाच्या माजी अध्यक्षांना माझे भिंग द्यावे, म्हणजे त्यांना बोकड आणि हरीण यांतला फरक नीट दिसेल. हे कलम मी सकाळी रागात लिहिले. आता वाचताना लाज वाटते, कारण अध्यक्षांना फरक दिसला होता. तो बोकडच होता. भिंग त्यांनाच द्यावे, पण चांगल्या मनाने.

कलम चार. हे सर्वांत मोठे कलम. यासाठीच हा कागद करत आहे.

ज्यांना आमच्या कामातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे तीर्थंकर चोवीस. मूर्ती घडवताना एखाददुसरे सोडले तर सगळ्यांचा चेहरा तोच, बैठक तीच, मिटत आलेले डोळे तेच. कोणाच्या मस्तकावर नागाचा फणा असतो, कोणाच्या खांद्यावर केस. बाकीचे ओळखायचे ते बैठकीवर कोरलेल्या बोटभर खुणेवरून. तिला आम्ही लांछन म्हणतो. सोळावे शांतिनाथ, त्यांचे हरीण. सतरावे कुंथुनाथ, त्यांचा बोकड. मूर्ती मी घडवायचो आणि लांछन माझा धाकटा भाऊ कोरायचा. त्याच्या हातचा बैल पाहिला की बाजूला सरकावेसे वाटे.

एकोणीस वर्षांपूर्वी मंडळाने शांतिनाथांची मूर्ती सांगितली. ती पसंत पडली की चोवीसही मूर्तींचे काम आम्हालाच मिळायचे होते. धाकट्याने हरीण कोरले, शिंगांना दोन-दोन फाटे काढले आणि वहिनीच्या औषधासाठी बाहेर गेला. वहिनी म्हणजे माझी बायको. तेव्हा ती आजारी होती. मी शेवटचा हात म्हणून फडके फिरवत होतो. फडके अडकले आणि शिंगाचा फाटा तुटला. मी उरलेले फाटेही काढले आणि दोन्ही शिंगे घासून मागे वळवली, म्हणजे तुटलेले कळू नये. दुसऱ्या दिवशी मंडळ आले. अध्यक्ष वाकून म्हणाले, "अहो, हा तर बोकड!" सगळे हसले. धाकट्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "धाकट्याची घाई."

दोनच शब्द. त्याने आपल्या बारीक टाक्यांची पिशवी उचलली आणि गेला. पुलापलीकडे तो दारावरच्या नावाच्या पाट्या कोरतो. चूक त्याची ठरली, म्हणून चोवीस मूर्तींचे काम मला मिळाले. शांतिनाथ नव्याने घडवले, पण त्यांचे हरीण मात्र मला कोरवेना. ते बाहेरून करून घेतले. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे लोक आम्हाला ऐकवतात. घाव घालणाऱ्याचे काय होते, ते कोणी विचारत नाही.

आमच्यात वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतात. "मिच्छा मि दुक्कडम्", माझे वाईट केलेले फोल होवो. मी पानवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना हात जोडले. जिथे जोडायला हवे होते, तेवढे एक दार सोडून.

दोन वर्षांपूर्वी एक साध्वी महाराज पायी फिरत आमच्या भागात आल्या आणि चार महिने राहिल्या. मी त्यांच्याकडे परिग्रहाच्या मर्यादेचे व्रत घेतले, म्हणजे अमुक इतक्याच वस्तू ठेवीन, जास्त नाही. ऐटीत यादी करून नेली. एक्केचाळीस वस्तू. त्यांनी वाचली आणि विचारले, "आणि आतलं?"

"आतलं म्हणजे? माळ्यावरचं लिहिलंय की."

त्या हसल्या. "मनातलं हो. राग, गर्व, माया, लोभ. आत साठवतो तोही परिग्रहच. बाहेरचं टाकणं सोपं असतं."

"राग नाही, लोभ नाही," मी म्हणालो. "माया आहे. पण माया तर करावीच ना माणसानं?"

"तुम्ही म्हणता ती जीव लावण्याची. शास्त्रात माया म्हणजे कपट. एक करायचं आणि दुसरं दाखवायचं."

धाकटा सात वर्षांचा असताना आमचे आईवडील गेले. त्याला मी वाढवला, न्हाऊ घातला, हातात टाकी धरायला शिकवली. मी भावावर माया केली, दोन्ही अर्थांनी केली.

पुढे त्या दुकानात आल्या. मंडळाने न घेतलेली ती मूर्ती कोपऱ्यात गोणपाटाखाली होती. मी सांगितले, "हे शांतिनाथ, पण खाली बोकड आहे, म्हणून झाकलेत." त्या म्हणाल्या, "णमोकार म्हणता ना रोज? त्यात कुणाचं नाव आहे?" मी पाचही ओळी मनात म्हणून पाहिल्या. अरिहंतांना नमस्कार, सिद्धांना, आचार्यांना, उपाध्यायांना, सर्व साधूंना. साठ वर्षे म्हणतो आहे. नाव एकाचेही नाही. "नमस्कार गुणांना असतो," त्या म्हणाल्या. "यांना खालच्या खुणेनं काही फरक पडत नाही. झोप तुमची उडालीय."

म्हणून मी लिहून देतो की, हरणाचे शिंग माझ्या हातून तुटले, ते मी लपवले आणि आळ भावावर घातला. भावाने घाई केली नव्हती. त्याचे हरीण या दुकानात कोरले गेलेले सर्वांत चांगले हरीण होते. हे कलम मंडळासमोर मोठ्याने वाचावे.

कलम पाच. दुकानाचा निम्मा भाग धाकट्या भावाला द्यावा, उरलेला मुलीला. मुलीची संमती आहे.

कलम सहा. बोकडाची ती मूर्ती, ज्या मंदिराला कुंथुनाथ हवे असतील त्यांना विनामूल्य द्यावी. बोकड कुठून आला हे त्यांना आधी खरे सांगावे. मग घेतील तर घेतील.

कलम सात. माझे डोळे दान करावेत. दगडाची धूळ खाऊनही ते चांगले आहेत. मागे माझी तसबीर मोठी करून लावू नये. दुकानात आधीच चेहरे पुष्कळ आहेत.

पुरवणी. वरचे सर्व गेल्या आठवड्यात लिहून झाले. मुलीने वाचले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही गेल्यावर हे वाचायचं? मग काकानं माफ कुणाला करायचं, तसबिरीला? तीही लावू नका म्हणताय." पोरगी तोंडाची तिखट आहे. मूर्ती घडवताना मी दिवसातून दहादा तिच्याभोवती फिरतो. ही गोष्ट मात्र एकाच बाजूने पाहत बसलो होतो. चौथ्या कलमाची नक्कल करून मी पुलापलीकडे पाठवली. उत्तर आले नाही. चार दिवस मला जेवण गेले नाही.

आज सहीसाठी वकीलबाई आणि डॉक्टरीणबाई येऊन बसल्या होत्या. दुसरे साक्षीदार म्हणून समोरचे शिंपी यायचे होते. दार उघडून आत आला तो धाकटा. केस पार पिकले आहेत. मुलगी "काका!" म्हणून उठली.

"दादा, वाचलं," तो म्हणाला.

"बस ना."

"बसतो मग. सही कुठं करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. निम्मं दुकान तुम्हाला मिळतंय. ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

"मग माझं नाव काढा वाटणीतनं."

"अहो, निम्मं दुकान आहे ते! विचार करा जरा."

"विचार कसला? लहानपणापासून इथंच होतो, दुकान माहितीय मला. नकोय. पण हे चौथ्या कलमात लिहिलंय ना, त्या कागदावर माझी सही पाहिजे."

मला रडू आले. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत म्हणे, पण आले ते आले. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यालाच मला धरून उठवावे लागले.

म्हणून कलम पाच रद्द केले आहे. दुकान पूर्णपणे मुलीचे. शिंप्यांना येऊ नका म्हणून निरोप पाठवला. बाकीची कलमे कायम आहेत. वाचून, समजून, हलक्या मनाने सही करतो.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली. दिनांक: १४ मार्च, दुपारी साडेतीन.

सही: मूर्तिकार

साक्षीदार पहिल्या: दातांच्या डॉक्टर, शेजारी. यांनी माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे. उजवीकडची एक दाढ मात्र काढायला हवी.

साक्षीदार दुसरा: यांचा धाकटा भाऊ. मजकूर खरा आहे. शिंगावर कानस कुणाची फिरली ते मी त्याच दिवशी ओळखलं होतं. दादा कधी बोलतो, एवढीच वाट बघत होतो. सोमवारपासून कामाला येतो.