वाटाण्याचे शेजारी

२ फेब्रुवारी

परत भिंतीकडे! चौतीसच्या चौतीस!

दातांच्या साच्यांबद्दल बोलतेय मी. लॅबमध्ये कवळ्या करते, थोडं काम घरी आणते, म्हणून छोट्या खोलीतल्या फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असतात. सहा वर्षं असेच आहेत. आता त्या खोलीत नवऱ्याची लेक झोपते. वय तेरा. दोन महिन्यांपूर्वी आमचं लग्न झालं, बापलेक माझ्या घरी राहायला आले, आणि तेव्हापासून बाईसाहेब रोज सगळे साचे तोंड फिरवून ठेवतात. मी कामावरून येऊन सरळ करते. मला नंबर दिसायला नकोत का? नंबर पुढच्या बाजूला लिहिलेत!

भांडण म्हणाल तर तेही नाही. तोंडातून अवाक्षर नाही. मला ती कुठल्याच नावाने हाक मारत नाही. "ऐका ना" म्हणते, तेसुद्धा फ्रिजकडे बघून.

३ फेब्रुवारी

सरळ केले. तिने फिरवले. सरळ केले.

६ फेब्रुवारी

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बातमी सांगायची झाली तरी तळमजल्यापासून सुरुवात. आज चहा गार झाला तेव्हा कुठे मुद्द्यावर आला. म्हणाला, "तिला आत्याकडे राहायला जायचंय. तिथल्या शाळेचा अर्ज आणलाय. अठ्ठावीसपर्यंत भरून द्यायचा."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुझं तू ठरव. बळजबरीने ठेवून घेऊ का?"

जायचं तर जा म्हणावं! पहिल्यांदा हेच मनात आलं. मग भांडी घासताना रडू फुटलं. नळ मोठा सोडला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. कशाचं रडू ते माझं मलाच कळेना.

खरं सांगायचं तर मला ती राहायला हवी आहे. लिहून टाकलं एकदाचं. मागच्या आठवड्यात ती तिच्या माशाशी बोलत होती, ते दाराबाहेरून ऐकलं. "जेवलास का रे? पोट बघू." या घरात मी बारा वर्षं एकटी राहिले. असं कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

बाईसाहेब शाळेच्या शिबिराला गेल्या. चार दिवस. जाताना मासा माझ्या ताब्यात! "ऐका ना. रोज चार गोगलगायी द्या. बारक्या. बरणीत आहेत." दोन महिन्यांतलं सगळ्यात लांब भाषण.

माशाचं नाव वाटाणा. फुगा मासा, पण गोड्या पाण्यातला, बोटाच्या पेराएवढा. पिवळट हिरवा, अंगावर काळे ठिपके. घाबरला की टम्म फुगतो म्हणे, अजून पाहिला नाही. डोळे दोन दिशांना फिरतात. एक माझ्यावर, एक गोगलगायीवर. आणि दात! वर दोन, खाली दोन, जुळून चोचीसारखे झालेले. आयुष्यभर वाढतात. शंख फोडून फोडून झिजवले नाहीत तर तोंडच उघडत नाही. वीस वर्षं दात करतेय, असं काम बघितलं नाही. अर्धा तास काचेला नाक लावून बसले.

एवढ्या मोठ्या टाकीत एकटा फिरतो बिचारा. त्याला सोबत आणली तर? ती येईल तेव्हा टाकी कशी भरलेली दिसेल!

१० फेब्रुवारी

माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराचा घसा कायमचा बसलेला, प्रत्येक वाक्य गुपित सांगितल्यासारखं. "ताई, हा एकटाच बरा. अगदीच हवं असेल तर ओटो न्या. काचेला चिकटून शेवाळ खातात, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

ओटो बघितले. मळकट. रंग ना रूप. तिला काय आवडणार?

मी माझ्या पद्धतीने निवड केली — तोंडं बघून. कुणाचा जबडा केवढा, कोण वाटाण्याला चावू शकेल. एक पट्टेवाला रद्द केला, तोंड बरं वाटलं नाही. शेवटी तीन गप्पी घेतले. एवढंसं तोंड, गरीब स्वभाव, आणि शेपट्या अशा झुळझुळीत की बघत राहावं. दुकानदार काहीतरी पुटपुटला. मी पिशवी उचलून निघाले.

११ फेब्रुवारी

अरे देवा!

तिघांच्याही शेपट्या कुरतडलेल्या. एक तळाशी आडवा. वाटाणा मधोमध उभा, एक डोळा माझ्यावर.

चावणार कोण याचा एवढा विचार केला, आणि जो टाकीत आधीपासून आहे त्याच्या तोंडात बघितलंच नाही! परवा अर्धा तास त्याच दातांचं कौतुक करत होते. हसावं की रडावं!

उरलेले दोघे प्लास्टर कालवायच्या रबरी भांड्यात काढले, सात वेळा घासून. नवरा म्हणाला, "सांगून टाक तिला सरळ." याला काय जातंय सांगायला! मीही या घरात त्या गप्पींसारखीच झालेय. येता-जाता लचका.

१२ फेब्रुवारी

दुकानात परत. मान खाली. तीन ओटो आणले. सोडल्या सोडल्या वाटाणा धावून गेला. तेही काढले. स्वयंपाकघरात आता दोन भांडी मासे आहेत आणि आमटीला भांडं नाही.

१३ फेब्रुवारी

ती आली. पाठीवरची पिशवी न उतरवता टाकीकडे, मग स्वयंपाकघरात, मग भांड्यांवर वाकून उभी. मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं. मेलेल्याचंही. आता ही ओरडणार, अर्ज भरणार, चालली आत्याकडे!

ती ओरडली नाही. शेपट्या बघत बसली. मग म्हणाली, "त्याची चूक नाही. जुन्या माशाला वाटतं, सगळं आपलंच आहे. नवीन कुणाला आणायचं तर आधी टाकीतलं सगळं हलवायचं असतं. दगड, झाडं, सगळं. मग त्यालाही जागा नवी वाटते. मग तो कमी चावतो."

एवढं बोलून खोलीत गेली. थोड्या वेळाने फळीवरून आवाज आला — खट, खट, खट. साचे फिरवत होती.

१४ फेब्रुवारी

साचे सरळ केले नाहीत.

१५ फेब्रुवारी

लॅबमध्ये लक्ष नाही. एका आजोबांचे वरचे दात खालच्या कवळीत बसवायला निघाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं नाहीये का?"

बरं कसं असेल? ती यायच्या आधी मी घरात काय हलवलं? एक खुर्ची नाही. कपाटातला एक कप्पा दिला, तोही सगळ्यात खालचा, गुडघे टेकल्याशिवाय काही निघत नाही असा. चौतीस परक्या जबड्यांखाली तेरा वर्षांची पोर झोपते, आणि ती तोंडं फिरवते म्हणून मला राग! शेपूट कुरतडलेला गप्पी म्हणे मी. लाज वाटली. चावत कोण होतं?

१८ फेब्रुवारी

आज रविवार. तिने टाकी आवरायला घेतली. "ऐका ना, हे धराल का?" — या खेपेला माझ्याकडे बघून! वाटाण्याला मगात घालून माझ्या हातात दिला. तिने दगड या टोकाचे त्या टोकाला नेले, झाडं उपटून दाट लावली, लाकूड आडवं टाकलं. आधी ओटो सोडले. तासभर ते स्थिरावले. तोवर मी मग धरून उभी. हाताला रग लागली, पण खाली कोण ठेवतंय!

मधेच तिने विचारलं, "या साच्यांत तुमचा आहे?"

होता. शिकत असताना एकमेकींचे साचे काढले होते, त्यातला. वरचा आणि खालचा, मागे तारेने जोडलेले. काढून दिला. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुमचा सुळा वाकडा आहे."

"हो."

"बाबांना माहितीये?"

"लग्नाआधीपासून!"

हसली. पटकन तोंड फिरवलं, पण हसली.

मग वाटाणा सोडला. तो गांगरल्यासारखा सगळीकडे फिरला. एका ओटोला ढुशी देऊन बघितली आणि गेला आपला झाडांत. गप्पींना मात्र जागा नाही, ते दुकानात परत.

२४ फेब्रुवारी

ती क्लासला गेल्यावर सगळं हलवलं. साचे खोक्यांत भरून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. कामाचं टेबल आमच्या खोलीत. कपाटातले वरचे दोन कप्पे रिकामे. कपाटच या भिंतीचं त्या भिंतीला. मग हात थांबेनात, हॉलसुद्धा फिरवला. नवरा आत आला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला. "अगं, आपलंच घर ना हे?"

"शोध आता," म्हटलं.

ती आली. दारात थांबली. रिकाम्या फळ्या बघितल्या. आत जाऊन दार लावून घेतलं.

२५ फेब्रुवारी

काही नाही. जेवली. मासा. झोपली.

२७ फेब्रुवारी

अर्ज तिच्या दप्तरात आहे. वही काढताना कोपरा दिसला. विचारू का? नवरा म्हणतो, विचारू नकोस. त्याला झोप येते कशी? दिवसभरात टाकीतले ओटो अकरा वेळा मोजले. तीनच आहेत. उद्या अठ्ठावीस. कपाट हलवायला उशीरच झाला मला. पहिल्याच दिवशी हलवायचं.

२८ फेब्रुवारी

संध्याकाळी कामावरून आले. ती खाली खेळायला गेलेली. खोलीचं दार उघडं.

फळीवर एकच साचा. माळ्यावरचे खोके उपसून शोधून आणलेला. वाकड्या सुळ्याचा. टाकीशेजारी ठेवलेला, तोंड खोलीकडे. दातांत एक कागद धरलेला, चार घड्यांचा.

ओढून काढला. आत्याकडच्या शाळेचा अर्ज. कोरा.